अण्णांच्या हुरड्याची वेबसाइट

वेबसाइट बंद पडली आणि टेबलावरचा अण्णांचा जुना फोन वाजू लागला. हुरडा पार्टीचं बुकिंग आज सकाळीच खुलं झालं होतं.

"दमदार होस्टिंग घे म्हणत होतो ना, ताई?" चुलतभाऊ वैतागला. "सगळे एकदम तुटून पडले."

"आपल्या शेतावर कुठली एवढी गर्दी लोटतेय!" असं हसून सारिकानं सर्वांत स्वस्त होस्टिंग घेतलं होतं. तिचे वडील, अण्णा, बुकिंग फोनवरच घ्यायचे, प्रत्येकाच्या घरादाराची चौकशी करत. ते गेल्यावर हा फोन आपल्याला उचलावा लागू नये, एवढ्याचसाठी तिनं वेबसाइट काढली होती. त्यांनी किती माणसं जोडलीत, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

फोन थांबेना. मान खाली घालून तिनं तो उचलला.

"अण्णा, कुठल्या अडाण्यानं केलीय वो तुमची वेबसाइट? उघडंना की! ते जाऊ द्या, आमची लसणाची चटणी तेवढी राखून ठेवा."

"वेबसाइट मी केलीय, काका," ती कशीबशी म्हणाली. "अण्णा दिवाळीतच गेले. तुम्हाला कळवायला हवं होतं, चुकलं माझं. किती जण येताय?"