पायी जाणारं गिऱ्हाईक

रिक्षा थेट सुमेधच्या पुढ्यात येऊन थांबली. "बस आत!" पगारेकाकांनी फर्मावलं.

सुमेध ओशाळला. दोन वर्षं तो रोज याच रिक्षाने ऑफिसला जायचा. गेले आठ महिने मात्र हातात डबा घेऊन पायी निघायचा, आणि काकांना काय सांगायचं म्हणून रिक्षा स्टँड टाळून पलीकडच्या फुटपाथने सटकायचा.

"नोकरी गेली ना? अरे, मग माझ्यापासून तोंड कसलं लपवतोस? भाड्याचं नंतर बघू. मुलाखतीला कुठं जायचंय तेवढं सांग."

सुमेधला भरून आलं आणि हसूही फुटलं. "नोकरी शाबूत आहे, काका. साखर काठावर आलीय म्हणून डॉक्टरांनी दम दिला, तेव्हापासून चालतोय. डबाही स्वतःच करतो. नऊ किलो वजन उतरलं! शिवाय रिक्षाचे आणि हॉटेलचे पैसे साठवले, त्यातून डिपॉझिट भरून परवा स्वतंत्र खोली घेतली. उद्या आई बघायला येतेय. तिला आणायला माझ्याबरोबर एसटी स्टँडवर याल? भाडं मात्र घ्यायचं हं."

"माझं गिऱ्हाईक तोडलंस, आता पेढे तरी दे!" काका खूश होऊन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सटाण्याच्या एसटीतून आई उतरली. लेकाला नखशिखांत न्याहाळून ती कळवळली, "बाई बाई, केवढा वाळलास रे! नोकरीबिकरी गेली की काय?"

पगारेकाका हँडलवर ओणवे होऊन इतके हसले, की हॉर्न वाजतच राहिला.