खिडकीजवळची खाट

“तुमच्या खोलीत तिघं आहेत,” अधिकारी म्हणाला. “इथे दोघंच दिसतायत.”

नोक्वाझीने बापाकडे पाहिलं. म्हातारे झुंगू डेकच्या कठड्याशी छत्री उराशी धरून उभे होते आणि उभ्या उभ्या पायांची चाळवाचाळव करत होते. ऊन रणरणत होतं. बोट अजून डर्बनच्या धक्क्यालाच बांधलेली होती. संकटात कुठे जमायचं, जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं, याचा सराव झाल्याशिवाय बोट सुटत नाही, म्हणून सगळे प्रवासी रांगा करून ताटकळत होते.

“तिसरा माझा भाऊ,” ती म्हणाली. “येईल तो.”

भाऊ, लुंगेलो, याच बोटीच्या तळाशी कपडे धुवायच्या खोलीत कामाला होता. जूनमध्ये तिथेच, चादरींच्या ढिगाशेजारी, छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. पेटी घरी आली, तिला माती दिली. पण माणूस जिथे मरतो तिथे घुटमळत राहतो. घरच्याने रानबोरीची फांदी घेऊन तिथे जावं, नाव घेऊन हाक मारावी आणि त्याला सोबत घेऊन यावं लागतं. येताना त्याची जागाही पैसे भरून घ्यायची असते. म्हणून तिसरी खाट, त्याच्या नावाची.

इथवर सगळं रीतीला धरून झालं होतं. घोटाळा केला तो झुंगूंच्या सवयीने. उभा जन्म त्यांनी बसमध्ये तिकिटं तपासली होती. बिनतिकिटाचा माणूस त्यांना खपत नसे, मग तो मेलेला का असेना. तिकीटखिडकीवरच्या मुलीने तीन पासपोर्ट बघून तीन कार्डं दिली. चढताना म्हाताऱ्यांनी दारातल्या यंत्राला स्वतःचं कार्ड लावलं आणि मागोमाग लुंगेलोचंही. मागून गर्दी ढकलत होती, कुणी मान वर केली नाही. आता बोटीच्या हिशेबाने लुंगेलो झुंगू चढला होता आणि सापडत नव्हता.

“बाई, डोकी जुळल्याशिवाय मी बोट सोडू देणार नाही,” अधिकारी म्हणाला. “बारमध्ये बघितलंत का? हरवलेले सगळे तिथेच सापडतात.”

“अगं, आण की शोधून त्याला,” मागच्या रांगेतून गुलाबी टोपीवाली बाई म्हणाली. “त्याच्या पायी आमचं जेवण लांबलंय.”

झुंगूंनी मान खाली घालून छत्रीशी बोलायला सुरुवात केली. फांदी छत्रीत होती, कारण झाडपाला बोटीवर चालत नाही. आणि फांदी हातात घेतल्यापासून ते मेलेल्याखेरीज कुणाशी बोलत नव्हते, पोरीशीसुद्धा.

“लुंगेलो, हा माणूस तुझी चौकशी करतोय,” ते झुलू भाषेत म्हणाले. “रागावू नकोस. त्याची नोकरी आहे.”

“काय म्हणतायत?” अधिकाऱ्याने विचारलं.

“म्हणतायत, तुम्ही कामाला चोख आहात.”

चोख तर सगळेच होते. चढल्यापासून म्हातारे खाली जायची वाट शोधत हिंडले होते. प्रत्येक जिना एका लोखंडी दाराशी संपत होता: प्रवाशांना प्रवेश नाही. शेवटच्या दाराच्या फटीला तोंड लावून त्यांनी हाक मारली, तेव्हा पहारेकऱ्याने गोड बोलून त्यांना वर पिटाळलं. आतून नुसती यंत्रांची घरघर येत होती. हाक पोचली की नाही, कळायला मार्ग नव्हता. ती पोचली नसेल तर घरी नुसती फांदी जाणार होती, आणि लुंगेलो कायमचा त्या घरघरीत राहणार होता. तेव्हापासून त्यांचे पाय एका जागी ठरत नव्हते.

अधिकाऱ्याने भिंतीवरचा माइक उचलला. “नाव काय म्हणालात?”

आता सगळं खरं सांगून टाकावं, असं नोक्वाझीला वाटलं. “साहेब, थांबा, तो...”

तिचं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते त्या माइककडे बघत होते. त्यांचे पाय थांबले होते.

“लुंगेलो,” ती म्हणाली. “लुंगेलो झुंगू.”

“श्री. लुंगेलो झुंगू,” आवाज सगळ्या बोटीवर घुमला. “आपण जिथे असाल तिथून ताबडतोब वर या. आपले घरचे वाट पाहत आहेत.”

आवाज जेवणघरांतून गेला, बोळांतून गेला, लोखंडी दारांपलीकडे गेला, पार तळाशी, जिथे यंत्रं चादरी घुसळत होती तिथपर्यंत. जाकीट कसं बांधायचं ते दाखवणारा खलाशी पट्टा हातात धरून तसाच थांबला. त्याने शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्याने डोक्यावरची टोपी काढली.

अधिकाऱ्याने पुन्हा नाव घेतलं. मग तिसऱ्यांदा, जरा चिडून.

झुंगूंनी छत्री थोडी उघडली. “ऐकलंस ना, पोरा? तुलाच बोलावतायत. माझा आवाज नसता रे तिथवर पोचला.”

ते थोडा वेळ उभे राहिले. मग एक पाऊल बाजूला सरले आणि जिन्याकडे वळले.

“आला का?” अधिकाऱ्याने विचारलं.

“आला,” नोक्वाझी म्हणाली. “या इकडे साहेब, तुम्हाला सगळं सांगते.”

म्हातारे जिना उतरत होते. एकेका पायरीवर थांबून, मागच्याला वेळ देत.

“सावकाश. कठडा धर. कार्ड माझ्याकडे आहे, त्याची काळजी नको. आणि खिडकीजवळची खाट तुझी. इतके दिवस या बोटीवर काढलेस, समुद्र कधी बघितलास का?”