सहा आठवडे थांबा

समुपदेशकानं राग आवरायला दोन उपाय सुचवले होते: दीर्घ श्वास किंवा जिवंत प्रवाळांची टाकी. श्वास घेताघेताच नवऱ्यानं दार फोडलं, म्हणून जोडपं शोभेच्या माशांच्या दुकानात आलं. बायकोचा हात अजून प्लास्टरमध्ये होता. ही शेवटची संधी, तिनं बजावलं होतं. “नवशिक्यांना चिवट काहीतरी द्या,” ती दुकानदाराला म्हणाली. “हे मऊ प्रवाळ घ्या, वहिनी. दुर्लक्ष झालं तरी तग धरतं. पण टाकीतलं पाणी आधी मुरू द्या, त्यात चांगले जिवाणू वाढू द्या. सहा आठवडे थांबा.” “आजच हवंय!” नवरा म्हणाला. “आज सोडलं तर मरेल, साहेब.” “मला शिकवतोस?” त्यानं दुकानदाराचं डोकं टाकीवर आपटलं. काच फुटली, नाकही. गिऱ्हाइकांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं. “मी शांतच आहे!” तो खालून ओरडला. बायकोनं काचांतलं प्रवाळ उचलून बादलीत सोडलं. “भाऊ, एकटीला केवढी टाकी पुरेल?”