शेजारचं उत्तर

"सिडनी," मुलगी म्हणाली.

मास्तरांनी डाव्या हातातला चमचा टेबलावर आपटला. टक.

प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या राजधानीचा होता. मास्तरांच्या बायकोने ते कार्ड खाली ठेवलं आणि दुसरं उचललं. तिने प्रश्न वाचायचा आणि मास्तरांनी उत्तर तपासायचं, ही दोघांची जुनी पद्धत. सामान्यज्ञानाच्या स्पर्धांना त्यांनी शाळेची कितीतरी पोरं अशीच तयार केली होती. काचेच्या कपाटात ढाली दाटीवाटीने उभ्या होत्या. उत्तर चुकलं की चमचा वाजायचा. पोरं पाठीमागे त्यांना टकटक मास्तर म्हणायची.

"तुर्कस्तानची राजधानी?"

"इस्तंबूल."

टक.

खालच्या मजल्यावर शिंप्याचं दुकान होतं. खिडकी उघडी असली की त्याला वरचं सगळं ऐकू जाई. त्याने मशीन थांबवलं आणि खालूनच उत्तर दिलं, "अंकारा. काकू, ही पोरगी स्पर्धा जिंकली ना, तर मी शिवणकाम सोडून गाणं शिकतो."

"नको रे बाबा," काकू खिडकीतून म्हणाल्या. "मग आम्हाला घर सोडावं लागेल."

मुलगीही हसली. विशी नुकतीच ओलांडलेली, अंगापिंडाने बारीक, आणि कशाचं म्हणून वाईट वाटून न घेणारी. रोज संध्याकाळी यायची, खुर्ची ओढून मास्तरांच्या अगदी समोर बसायची. कॉलेजच्या संघात जागा मिळवायची आहे, शिकवाल का, असं तिने पहिल्या दिवशी मास्तरांना विचारलं होतं. मास्तरांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं होतं आणि मान हलवली होती.

तिची एक खोड होती. उत्तर देताना ती कार्डाकडे बघायची नाही. मास्तरांच्या ओठांकडे बघत राहायची. कच्ची पोरं तसंच करतात. उत्तर तिथून निसटेल अशी त्यांना आशा असते.

तिच्या मॅडमनी तिला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. तोवर प्रगती दिसली नाही, तर इथलं येणं बंद. मुलीपेक्षा काकूंनीच याचा धसका घेतला होता. तिला जिन्यापर्यंत सोडायला गेल्या की दार उघडंच ठेवून हलक्या आवाजात विचारायच्या, मॅडम अजून थोडं थांबतील का.

"काहीतरी दाखवावं लागेल हो काकू," मुलगी म्हणायची. "नुसत्या टकटकीवर त्या ऐकायच्या नाहीत."

एकदा तिने देवमाशाला मासा ठरवलं. चमचा वर गेला, पण वाजायच्या आधी मास्तरांच्या तोंडून "छे" निघालं. त्या दिवशी काकूंनी दोनदा चहा केला आणि दुसऱ्यांदा साखर घालायला विसरल्या. मुलीने तो तसाच, कौतुक करत प्यायला.

पण ते तेवढंच. पुढे पुन्हा चुका आणि पुन्हा चमचा. शिंपी खालून उत्तरं देऊन थकला. हिच्या डोक्याला अस्तर लावायचं राहिलंय, असं तो गिऱ्हाइकांना सांगू लागला.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. मुलगी आली ती नेहमीसारखी हसत नव्हती. कॅनडाची राजधानी चुकली. जगातलं सर्वांत मोठं वाळवंट चुकलं. टक. टक. काकूंचा वाचतानाचा आवाज बारीक होत गेला. मास्तर खिडकीबाहेर पाहू लागले होते. काकूंनी गठ्ठ्यातलं आणखी एक कार्ड काढलं.

"सर्वांत उष्ण ग्रह कोणता?"

"बुध," मुलगी म्हणाली. मग पुढे सरकून, जरा हट्टानेच म्हणाली, "बुधच. सूर्याच्या सगळ्यात जवळ तोच आहे. यात शिकवण्यासारखं आहे तरी काय?"

चमचा वर गेला आणि वरच राहिला.

"शु..." मास्तर म्हणाले. मान ताठ झाली, चेहरा लाल झाला. "शुक्र. जवळ... जवळ असून काय? बुधाला हवा नाही. ऊब... राहील कुठे? शुक्राला जाड... जाड पांघरूण आहे. हवेचं. आत कोंडते. शुक्र! किती... किती वेळा सांगायचं?"

काकूंच्या हातातलं कार्ड खाली पडलं. ते कोणी उचललं नाही.

खालचं मशीन थांबलं. जिन्यावर पावलं वाजली आणि शिंपी दारात येऊन उभा राहिला, गळ्यात टेप तसाच. "मास्तर," तो म्हणाला.

मुलगी मात्र जागची हलली नव्हती. "मला पुन्हा सांगा ना, सर," ती हळू म्हणाली. "कोणता?"

"शुक्र."

"का बरं?"

मास्तरांनी पुन्हा सांगितलं. या वेळी हळू, एकेक शब्द जागेवर ठेवत. काकू पदराने चष्मा पुसत बसल्या. पुसून झाला तरी पुसतच होत्या.

मुलीने पिशवी खांद्याला लावली. "मग उद्या येऊ ना, सर?"

मास्तरांनी चमचा तिच्या हातात दिला.

"ज्याला येत नाही... तो काहीही बोलतो," ते म्हणाले. "तू रोज... नेमकं शेजारचं उत्तर देतेस. बरोबर ठाऊक असल्याशिवाय... असं चुकता येत नाही."

मुलीची मान खाली गेली. मास्तर पहिल्यांदाच हसले, तोंडाच्या एकाच बाजूने.

"ये उद्या. आणि तुझ्या... हॉस्पिटलच्या मॅडमना सांग. वाचा गेलेला पेशंट... बोलायला लागला."