पुजलेला पट्टा

शैलेश पडला तेव्हा मुकादम काशिनाथ पाण्याची बाटली उघडत होता. नारळ पडावा तसा धप्प आवाज आला, म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. आखातातल्या दस्मानच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर छाटणीची खजुराची झाडं ओळीने उभी होती. तिसऱ्याच्या बुंध्याशी शैलेश उताणा पडला होता. त्याला हाक मारून काही उपयोग नव्हता, हे पाहताक्षणीच कळत होतं.

सेफ्टीवाला तल्हा धावत आला. त्याने नाडी पाहिली, मग अंगातलं चमकपट्ट्यांचं जाकीट काढून शैलेशच्या तोंडावर पसरलं. शेजारी पडलेला, झाडावर चढताना कमरेला बांधायचा पट्टा उचलला. बकल शाबूत होतं, नव्यासारखं लखलखीत. नायलॉनचा पट्टा मात्र बकलालगतच तुटला होता आणि तुटल्या जागी पिवळा पडला होता.

तो पिवळेपणा पाहिला आणि काशिनाथला ॲसिडची बादली आठवली.

खंडेनवमीला महबूल्याच्या कामगारवस्तीतल्या खोलीत त्यानेच टोळीचे सहाही पट्टे पूजेला मांडले होते. खाऱ्या हवेने बकलं गंजून गेलेली. देवापुढे गंजकं हत्यार ठेवायचं कसं? त्याने मोरी धुवायचं ॲसिड बादलीत ओतलं आणि पट्टे त्यात तासभर भिजत घातले. गंज गेला, आणि मुकादमाने पोरांकडून कौतुकही करून घेतलं. आज दसऱ्यानंतरची कामाची पहिली सकाळ. चढण्याआधी सुदेश नेहमीसारखा पट्टा पायाखाली दाबून खेचून बघायला लागला, तर काशिनाथच त्याच्यावर खेकसला होता, "पुजलेल्या पट्ट्यार पाय देतंस? लाज नाय वाटत?" मग कोणीच पाय दिला नाही. तपासणीच्या कागदावर सहा बरोबरच्या खुणा त्याने स्वतःच्या हाताने केल्या.

सुदेश!

आतापर्यंत दोघंच चढले होते, आणि दुसरा होता त्याचा सख्खा भाचा. पाचव्या झाडावर, पंचवीस फुटांवर, सुदेश सगळा भार पट्ट्यावर टाकून मागे रेलला होता. तो खाली शैलेशकडे बघत होता.

"सुदेशा, पट्ट्यार रेलू नको! खोडाक मिठी मार!"

"मामा, हात कापतत माझे. पट्ट्यार आसंय म्हणान तरी..."

खोटं बोलायला वेळ नव्हता आणि खरं बोलायला जीभ उचलत नव्हती. तल्हा शेजारीच उभा होता. त्याला मराठी येत नसलं तरी ॲसिड हा शब्द कळणारच होता.

"तो पट्टो कुजलो!" काशिनाथ ओरडला. "मीच ॲसिडात बुडवलंय. माडावरसून उतरतंस तसो उतर, बाबा. पट्टो नाय असोच समज."

तल्हाने चमकून मान वळवली.

सुदेशने दोन्ही हातांनी मिठी मारली. त्याने खोडाला छाती टेकवली. जुन्या झावळ्यांच्या खुंटांनी शर्ट फाटला, पोट सोलवटलं, पण एकेक पाय चाचपत तो खाली येत राहिला. काशिनाथ बुंध्याशी हात पसरून उभा होता. पंचवीस फुटांवरून पडणारा माणूस झेलता येत नाही, हे त्यालाही माहीत होतं. पाय जमिनीला लागले तसा सुदेश मटकन खाली बसला. मामाने जवळ घ्यायला हात पुढे केला, तो त्याने झटकून टाकला.

"चेक किसने किया था?" तल्हाने विचारलं.

काशिनाथने सुदेशच्या कमरेचा पट्टा सोडवला. तो जमिनीवर टाकला, त्यावर बुटासकट पाय दिला आणि बकल धरून वर खेचलं. फार जोर लावावा लागला नाही. बकल तेवढं हातात आलं. त्यावरचं कुंकू अजून पुसलं गेलं नव्हतं.