पेट्रोलचा हात
मेकॅनिकनं टाकीतलं तेल काढून रजतच्या तळहातावर ओतलं. “हुंगून पाहा भाऊ. डिझेल गाडीत कोणीतरी पेट्रोल भरलं, म्हणून बंद पडली. इंजिन शाबूत आहे. टाकी धुतली का पयल्यासारखी पळते.” बाबांच्या छातीत कळ आली त्या दिवशी धाकटी बहीण उन्नती त्यांना घेऊन मौद्याहून नागपूरच्या दवाखान्यात एकटीच निघाली होती. वाटेतल्या पंपावर दुचाकीच्या सवयीनं तिच्या तोंडून ‘पेट्रोल’ हाच शब्द निघाला असणार. पुढे गाडी बंद पडली आणि नागपूरच्या अलीकडेच बाबा गेले. तेरवीपासूनचा तोच प्रश्न घेऊन आता ती गॅरेजमध्ये शिरली. “काय झालं होतं गा दादा गाडीले?” “इंजिनच बसलं वं. कोणाच्या हातात नव्हतं.” रजत मेकॅनिककडे वळला. “भंगारात काढा. नवी घेतो.” उन्नती तेव्हा कुठे रडली. रजतनं पेट्रोलचा हात खिशात दडवला आणि दुसऱ्या हातानं तिला जवळ घेतलं.