पुडिंगची परीक्षा

समुद्री शेवाळापासून पुडिंग घट्ट करायची पूड बनवणाऱ्या कारखान्यात ती तपासनीस होती. दिवसभर नमुन्याची वाटी बशीत उपडी करायची, अंगठ्याने दाबून बघायचं, हेच काम. लग्नाआधी पहिल्यांदाच होणाऱ्या नवऱ्याच्या घरी जेवायला गेली, तर सासूबाईंनी हौसेनं केलेलं पुडिंग समोर आलं. गप्पांच्या नादात तिने वाटी उपडी केली, अंगठा दाबला आणि म्हणून गेली, "नापास. पूड नीट उकळली नाहीये."

त्याने कपाळाला हात लावला. सासऱ्यांना ठसका लागला. तिचं तोंड एवढंसं झालं.

सासूबाई खुर्ची ओढून तिला खेटूनच बसल्या.

"बरी सापडलीस गं बाई! हे दोघं बापलेक आजवर 'फक्कड झालंय' म्हणत मला फसवत आलेत."